गॅरडने फोडलेली भिंत

"एड्विन, खाली उतर म्हणतो ना!" ठेकेदार लँबर्ट गल्लीतून ओरडला. "भेगा बुजवायला सांगितल्या होत्या. तू तर भिंतच फोडायला निघालास!"

परांचीवरच्या एड्विन गॅरडने छिन्नीवर आणखी एक घाव घातला. सिमेंटचा ताटाएवढा पोपडा सुटून खाली पडला.

"बुजवून काय होणार? आत पाणी कोंडलंय."

घर प्राइकबाईंचं. इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या आमच्या गावात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. ओकचा सांगाडा, मधे काटक्या विणून माती लिंपलेले कूड, वरून चुन्याचा गिलावा. चारशे वर्षं उन्हापावसात उभी आहेत. बाई एक्याऐंशीच्या. निम्म्या गावाला अक्षरं त्यांनीच शिकवली, एड्विनलाही. गेला हिवाळा त्यांनी ओलीमुळे स्वयंपाकघरात झोपून काढला होता.

गलका ऐकून त्या दारात आल्या. एड्विन उतरला आणि त्याने कोपऱ्यातल्या खांबात बोट खुपसलं. ते पेरभर आत गेलं. ओल्या केकसारखा भुगा पडला.

"बाई, हे कुणी केलं माहितीये? मी. तीस वर्षांपूर्वी चुना खरवडून सिमेंट थापलं ते याच हातांनी. बाबा सांगत होते, चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट लावून लाकूड कोंडू नकोस. मला वाटलं, म्हाताऱ्याला काय कळतंय."

"पुरे आता," लँबर्ट म्हणाला. "दुपारपर्यंत सिमेंटचा हात मारून मोकळा हो. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"येणारच. बाई हो म्हणाल्या तर. तुझ्याकडून नाही."

"साठीला टेकलायस. कोण देणार तुला काम?"

"मी," बाई म्हणाल्या. "आणि लँबर्ट, तुझी पोती उचल. माझ्या गुलाबांवर टाकलीयस."

लँबर्टने पोती नेली, परांचीही सोडून नेली. एड्विनने चर्चच्या शिड्या मागून आणल्या. सुताराने कुजका भाग कापून नवा ओक सांधला. वडील गेल्यापासून एड्विन परसातल्या खड्ड्यात चुना मुरवत असे. मागायला मात्र कुणी यायचं नाही. तो चुना आता घमेल्या-घमेल्यांनी आला. बाई अंगणात स्टुलावर बसून गिलावा तडकू नये म्हणून शेळीचे केस पिंजून त्यात सोडायच्या.

लँबर्टची माणसं जाता-येता टोमणे मारायची. "काय एड्विन, या शतकात संपेल का?"

"संपेल. आणि पुढच्या शतकात येऊन बघ, उभं असेल."

सप्टेंबरात शेवटचा हात झाला. ओल्या गिलाव्यावर कारागिराने नाव आणि साल कोरायची गावची रीत. बाईंनी विणायची सुई पुढे केली.

"लिही. मान आहे तुझा."

"नको, बाई."

"का रे?"

"मागच्या खेपेला लिहिलं नव्हतं. खरं तर तेव्हा लिहायला हवं होतं."

बाईंनी आग्रह केला नाही. ऊन अजून कडक होतं. चुना घाईने वाळू नये म्हणून एड्विनने भिंतीवर ओली गोणपाटं सोडली, एकेकाची कड हाताने सारखी केली, आणि सावली येईपर्यंत तो गल्लीतच उभा राहिला.