उजवीकडचे चेंडू

धाकट्याने पुन्हा चेंडू थोरल्याच्या उजव्या हाताला मारला. कमरेच्या उंचीवर आणि चांगला जोरात, बघणाऱ्याला वाटावं की यात काही दयामाया नाही. थोरल्याने झेप घेतली, चेंडू पोटाशी धरला आणि कुशीवर लोळून उठला. पत्र्याच्या शेडखाली विखरून बसलेल्या प्रेक्षकांतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. धाकट्याने पुढचा चेंडू पायाखाली घेतला आणि तोही उजवीकडेच मारला.

सामन्याआधी पहिल्या गोलकीपरला गरम करून द्यायचं काम राखीव गोलकीपरचं. हे कुठल्याही देशात असंच. हे दोघं खेळत ती लीग म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या शिडीची अगदी खालची पायरी, पण परदेशातली म्हणून गावाकडे तिचा बडेजाव केवढा. दोघं एकाच भागातले, एकाच खोलीत राहणारे. वयाने धाकटाच दोन वर्षांनी मोठा होता. पण गोलमध्ये उभा राहतो तो थोरला आणि बाकावर बसतो तो धाकटा, असा निवाडा दोघांनी पहिल्याच वर्षी थट्टेत करून टाकला होता. थट्टेतली नावं लवकर चिकटतात. आता संघातले बाकीचेही वाकड्यातिकड्या उच्चारांत त्यांना तसंच हाक मारत.

मागल्या महिन्यात सरावात थोरला डाव्या खांद्यावर पडला आणि तेव्हापासून त्याचा हात डोक्याच्या वर जात नव्हता. गोलकीपरांसाठी वेगळा प्रशिक्षक ठेवायची क्लबची ऐपत नव्हती, त्यामुळे दोघं मैदानाच्या कोपऱ्यात एकमेकांनाच सराव देत आणि तिथे काय चाललंय ते कुणी बघत नसे. सामन्याच्या दिवशी धाकटा न्हाणीघराची कडी लावून त्याच्या अंगात जर्सी चढवायचा, लहान मुलाला घालतात तशी, आधी दुखरा हात मग चांगला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," थोरला दात आवळून म्हणायचा. "वरच्या लीगचा माणूस मला बघायला येणार आहे. तेवढं होऊ दे. मग तू आहेस आणि तुझा गोल आहे."

तोवर धाकट्याचं काय, हे दोघांपैकी कुणी काढत नसे. त्याचा करार या हंगामाबरोबर संपत होता. हंगामभरात तो एकदाही मैदानात उतरला नव्हता आणि न खेळलेल्या गोलकीपरला दुसरा क्लब दारात उभं करत नाही. गावी मेहुण्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. गल्ल्यावर बसायला आपला माणूस हवाच आहे, असं मेहुणा प्रत्येक फोनवर न विसरता सांगायचा.

"उद्या तरी उतरणार का हो?" आदल्या संध्याकाळी बायकोने फोनवर विचारलं होतं.

"बघू. कोचच्या मनावर."

"पोरगी शाळेत सांगते, माझे बाबा गोलकीपर आहेत. मैत्रिणी म्हणतात, दाखव."

"मग दाखव की. फोटो पाठवलेत ना एवढे."

"सगळे बाकावर बसलेले आहेत," ती म्हणाली. चिडून नाही, नुसतंच.

कोचच्या कानावर एक वाक्य घातलं असतं तर चित्र पालटलं असतं. पण मित्राच्या पोटावर पाय द्यायचा कसा? धाकट्याने हा प्रश्न स्वतःला इतक्यांदा विचारला होता की त्याला आताशा तो विचारायला बरंही वाटायचं. आपण माणूस म्हणून वाईट नाही, एवढं तरी त्यातून हाती लागत होतं.

सराव आटोपून चेंडू पिशवीत भरत असताना कोच शेजारी येऊन उभा राहिला. हात खिशात, नजर मैदानावर.

"खांदा कसा आहे त्याचा?"

"कुणाचा?"

कोचने हनुवटीने गोलकडे खूण केली.

"चांगला आहे," धाकटा म्हणाला. "एकदम चांगला आहे, कोच."

कोचने मान हलवली. पण तो लगेच गेला नाही. धाकटा आणखी काहीतरी बोलेल अशी वाट बघत असल्यासारखा तो क्षणभर रेंगाळला आणि मग बाकाकडे वळला.

पहिला अर्धा डाव निभावला. दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या संघाच्या एका उंच पोराने डाव्या कोपऱ्यात वरून चेंडू टाकला आणि थोरला उजवा हात आडवा नेऊन तो अडवायला गेला. चेंडू जाळीत. थोड्याच वेळात दुसराही तिथेच, तसाच. आता बाजूच्या शेडखालच्या म्हाताऱ्यांनाही कळलं की या गोलकीपरचा डावा हात नुसता शोभेला आहे. कोटाची कॉलर वर केलेला एक पाहुणा उठला आणि फाटकाकडे चालू लागला. थोरला त्याच्या पाठीकडे बघत राहिला.

कोच बाकाकडे वळला. "ऊठ. तयार हो."

धाकट्याने जाकिटाची चेन खाली ओढली. हातमोजे चढवले. ज्या क्षणासाठी हंगामभर बूड झिजवलं तो समोर उभा होता, मागूनही मिळाला नसता असा. आणि समोरचा गोल त्याला भलताच रुंद दिसू लागला. तो खाली वाकला, बुटाच्या नाडीची गाठ ओढली, हातमोज्यांनी ती बांधता येईना म्हणून एक मोजा काढला, परत बांधू लागला. मैदानावर आरडाओरडा झाला. त्याने मान वर केली तेव्हा तिसरा गोल झाला होता आणि कोच जागेवर जाऊन बसला होता.

"राहू दे," कोच म्हणाला.

धाकट्याला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की त्या वाटण्याचीच त्याला भीती वाटली.

सामना संपल्यावर थोरल्याला डॉक्टरकडे नेलं आणि कोचने धाकट्याला आपल्या खोलीत बोलावलं. खोली कसली, जुन्या जाळ्या आणि फाटके चेंडू ठेवायची अडगळच ती. त्यातच एक टेबल.

"खांद्याचं मला कधीपासूनच माहीत होतं," कोच म्हणाला. "माणूस पाण्याची बाटली कुठल्या हाताने उचलतो, एवढं दिसतं मला."

"मग काढलं का नाहीत त्याला?"

"तू येऊन जागा मागशील म्हणून थांबलो. नाही आलास. आज मीच विचारलं, तर तू खोटं बोललास. म्हटलं, दोस्ती असेल. दोस्ती असेल तर चांगलीच गोष्ट आहे. म्हणून ऊठ म्हटलं तुला. तर तू नाडी सोडत बसलास."

"सैल झाली होती."

"घट्ट होती. मी बघत होतो."

धाकटा कोपऱ्यातल्या जाळीकडे बघत राहिला. तिला कुणीतरी निळ्या दोऱ्याने ठिगळ मारलं होतं.

"वाईट वाटून घेऊ नकोस," कोच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "फार काळ बसलेल्या माणसाला बसण्याची सवय लागते. पुढच्या हंगामात नवा गोलकीपर आणतोय. तू राहा. त्याला तयार कर, सामन्याला गरम करून दे, ते काम तुला छान जमतं. करार वाढवून देतो."

इथे टेबलावर हात आपटायला हवा होता, निदान दार आपटून बाहेर पडायला हवं होतं. धाकटा म्हणाला, "थँक यू, कोच."

त्यांची खोली टायरच्या दुकानावर होती. रबराचा वास जिन्यातून थेट अंथरुणापर्यंत यायचा. तिन्हीसांजेला धाकटा वर आला तेव्हा थोरला गळ्यात हात अडकवून, एका हाताने बॅगेत कपडे कोंबत होता. खांद्याची शस्त्रक्रिया करावी लागणार होती आणि क्लबने त्याला मोकळं केलं होतं.

"सरक, मी भरतो," धाकटा म्हणाला आणि त्याचे शर्ट काढून नीट घड्या घालायला लागला.

"तुला ठेवलं ना?"

"ठेवलं."

थोरल्याचा चेहरा खरोखरच उजळला. "सुटलो बाबा! म्हणजे जागा घरातच राहिली. माझ्या मूर्खपणापायी तुझंही वाटोळं होतंय की काय म्हणून जीव नुसता टांगणीला लागला होता."

धाकटा घडी घालत राहिला.

"एक शब्द बोलला असतास, तर कधीचा तूच उभा असतास तिथे," थोरला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नव्हती. "बोलला नाहीस. सख्खा भाऊ असं करत नाही रे."

"त्यात काय," धाकटा म्हणाला. घातलेली घडी त्याने मोडली आणि पुन्हा घातली.

"त्यात काय कसं? थांब." थोरल्याने चांगल्या हाताने पलंगावरचा धाकट्याचा फोन उचलला आणि धाकटा उठायच्या आत लावलाही. "वहिनी! आधी तोंड गोड करा. पुढच्या हंगामात तुमचाच माणूस गोलमध्ये!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"खरं का हो?"

थोरल्याने हसत फोन धाकट्याच्या तोंडाजवळ धरला. नाही म्हणायचं तर आत्ताच म्हणायला हवं होतं. धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. सकाळपासून तो आत्ता पहिल्यांदा हसत होता.

"हो," धाकटा म्हणाला.

"मग आम्ही येणार," ती म्हणाली. आवाज रडका होता आणि त्यातच ती हसत होती. "काही सांगू नका. पोरीच्या शाळेचं मी बघते, तिकिटांचंही बघते. येणार म्हणजे येणार."

धाकट्याने खिडकीबाहेर बघितलं. खाली दुकानदार टायर आत ढकलत होता.

"थंडी फार असते गं इथे."

"असू दे की," ती म्हणाली. "स्वेटर घालून बसू आम्ही. तुम्हाला एकदा उभं असलेलं बघू."