चंपतरावांनी बदललेली बाटली

खाप्याला नदीकाठच्या वाळूवर रोज सकाळी सात-आठ म्हातारे पोहायला जमत. त्यांचे पुढारी म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर चंपतराव. त्यामुळे नागपूरच्या प्रयोगशाळेतली मयुरी बर्फाची पेटी घेऊन काठावर उतरली आणि "जंतू जास्त निघाले तर पोहणं बंद," असं म्हणाली, तेव्हा आता आपणच काहीतरी करायचं, असं त्यांनी ठरवलं.

मयुरीने गुडघाभर पाण्यात जाऊन बाटली भरली, पेटीत ठेवली आणि पाण्याचं तापमान मोजायला पुन्हा नदीत शिरली. चंपतरावांनी डाव साधला. बाटली वाळूत उपडी केली आणि घरून आणलेलं फिल्टरचं पाणी तिच्यात गळ्यापर्यंत भरलं.

"काका, पेटीपाशी काय करून राहिले?"

"काही नाही वं बाई. बर्फ पाहून राहिलो."

तिसऱ्या दिवशी मयुरीचा फोन आला.

"काका, कोणालेच पाण्यात उतरू देऊ नका! इतके जंतू तर मी नाल्यातही पाहिले नाही."

चंपतराव अंगणात येरझारा घालू लागले. बायकोने, पुष्पलताबाईंनी, खोदून खोदून विचारल्यावर सगळं सांगून टाकलं. त्यांनी नवऱ्याला स्वयंपाकघरात नेलं आणि फिल्टरचं झाकण उघडलं. आत हिरवागार गालिचा पसरला होता.

"अरे देवा! आपण हे पिऊन राहिलो?"

"तुम्ही पिऊन राहिले. मी दिवाळीपासून शेजारच्या शोभाताईकडून कळशी आणते."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं ना! तुम्हीच म्हणाले, आपलं पाणी फर्स्ट क्लास आहे."

चंपतरावांनी घसा खाकरत मयुरीला फोनवर कबुली दिली. पलीकडे आधी एक खिदळणं, मग अख्ख्या प्रयोगशाळेचं खिदळणं ऐकू आलं.

मयुरी पुन्हा आली. या वेळी चंपतरावांना वीस पावलं लांब, हाताची घडी घालून उभं केलं होतं. दोन दिवसांनी निकाल लागला: नदी पोहायला ठीक. म्हाताऱ्यांनी आनंदाने धडाधड उड्या मारल्या, आणि बाहेर आल्यावर ओल्या अंगानेच बैठक घेऊन चंपतरावांचं पुढारीपण काढून घेतलं. नव्या पुढारी झाल्या पुष्पलताबाई. त्यांना पोहता येत नाही. त्या वाळूत खुर्ची टाकून बसतात, आणि कोणी जरा खोलात गेलं की शिट्टी फुंकतात.