गणपूर्तीपुरते नातेवाईक

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या त्या काउंटीत सरकारी इस्पितळाचे एक मंडळ होते आणि लोकहितासाठी कुणाचीही जमीन ताब्यात घेण्याचा अधिकार त्याला कायद्यानेच होता. यंदाचे लोकहित म्हणजे साठ गाड्यांचे पार्किंग. ते नेमके इमोजीन हॅडॉक या निवृत्त शिक्षिकेच्या घरावर येत होते.

भरपाई चांगली होती. पण एकाहत्तराव्या वर्षी माणसाला भरपाईत राहायला जाता येत नाही, असे बाईंचे म्हणणे होते.

जाहीर सुनावणीत मंडळाच्या वकिलाने नियम वाचला. मालकिणीशी रक्ताचे नाते असलेल्या सभासदाने मत न देता बाजूला बसावे. सभासद सात, ठरावाला निदान चार हवेत. वकील अटलांटाचा. असल्या गावात हा नियम मोठ्याने वाचू नये, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

"माझी आई आणि मिस इमोजीन मावसबहिणी," म्हणत पहिला उठला. दुसरी सख्खी भाचीच निघाली. तिसऱ्याला आपले नाते ठाऊक नव्हते. बाईंनी तीन पिढ्यांची नावे घेऊन ते समजावले, तेव्हा तोही आभार मानून उठला.

उरले चार. तिघे बाहेरून आलेले डॉक्टर आणि चौथा अध्यक्ष, ट्रॅक्टरविक्रेता क्लेटन टिलरी.

"अजून कुणी?" वकिलाने विचारले.

बाईंनी क्लेटनकडे पाहिले. क्लेटनचे नाक हॅडॉकांचे होते, हे गावात कुणीही सांगितले असते, फक्त चारचौघांत नव्हे. बाईंचे आजोबा रेव्हरंड हॅडॉक यांची तसबीर चर्चमध्ये होती. नाक तेच.

"मग मताला टाकू," क्लेटन म्हणाला.

"थांब." बाई उठल्या. "तुझे आजोबा आणि माझे वडील भाऊ होते."

"चुलत?" वकिलाने लिहिता लिहिता विचारले.

"सावत्र. बाप एकच. रेव्हरंड."

मागच्या बाकावर कुणाला तरी ठसका लागला.

"मिस इमोजीन," क्लेटन सावकाश म्हणाला, "हे तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"तू पहिलीत आलास तेव्हापासून. हजेरी घेताना मान वर केली, तर समोर आजोबा."

"माझे वडील हे ऐकायला जन्मभर थांबले होते. मागच्या साली गेले."

"माहितीये. दुखवट्याच्या घरी पाठवतात तसा केक मीही पाठवला होता."

"नाव न घालता."

"नाव घालायला घर जायची पाळी यावी लागली," बाई म्हणाल्या. "ते चुकलंच माझं."

क्लेटनने अध्यक्षाचा लाकडी हातोडा टेबलावर ठेवला आणि खाली येऊन त्यांच्या शेजारी बसला. वर तिघेच उरले. वकिलाने ते दोनदा मोजले आणि फाइल मिटली.

"मग आता काय म्हणू तुम्हाला?"

बाईंनी मागे वळून बाकांकडे पाहिले.

"आत्या म्हण," त्या कुजबुजल्या. "पण हळू. लोक ऐकतायत."