माझ्या मागच्या चाकातली दुसरी मोटार

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, आणि ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. तेच आपल्याला आधी झाकून ठेवतात आणि मग विसरतात.

ओल्या रंगाचा वास ही माझी पहिली आठवण. मग रस्तेच रस्ते. मागच्या सीटवर दोन भावंडे एकमेकांच्या अंगावर रेलून झोपायची, आणि त्यांचे वडील मला इतक्या अलगद थांबवायचे की त्यांची झोप मोडायची नाही.

वडील गेले. थोरल्याने मोठ्या मायेने माझ्या ब्रेकच्या डबीत, ब्रेकच्या खास तेलाऐवजी, इंजिनचे तेल ओतले. तेल ते तेल! माया होती, अक्कल नव्हती. आतली रबरे फुगली, चाके जखडली, आणि मी गॅरेजात उभी राहिले ती राहिलेच. कवडशातली धूळ टपावर उतरायची आणि मला वाटायचे, मी चाललेच आहे, फक्त रस्ता उजेडाचा आहे.

एक दिवस हॉटेलवाला आला. माझे इंजिन काढून मला हॉटेलच्या दारात उभी करणार, पोटात झाडे लावणार. थोरला तयार झाला. धाकटी बहीण भडकली.

“बाबांच्या गाडीत माती भरणार तू?”

“मग काय करू? ब्रेकचे पार्ट मिळतात का कुठे? आण शोधून, आणि चालव खुशाल. तोवर थांबवतो त्याला.”

ब्रेक दाबला की चाकाला रोखून धरणारी मुठीएवढी नळी असते, तिला सिलेंडर म्हणतात. माझ्या मागच्या चाकातला गंजून गेलेला सिलेंडर पिशवीत घालून धाकटीने दुकाने पालथी घातली.

“ताई,” एक दुकानदार म्हणाला, “माझ्या सासऱ्यांचे पडलेले दात शोधून देतो, पण हे नाही मिळायचं.”

पत्ता मात्र त्यानेच दिला. गावाबाहेर एका म्हातारीच्या अंगणात हुबेहूब माझ्यासारखी मोटार उभी होती. सीटवर कोंबड्या बसल्या होत्या.

“मावशी, हिचा एक सिलेंडर द्याल?”

म्हातारी पत्र्यावरून हात फिरवत राहिली. “आमच्या ह्यांनी उभी करताना गंजू नये म्हणून सगळीकडे ग्रीस भरून ठेवलंय. परत चालवू म्हणाले होते.” मग हात काढून घेतला. “ने बाई. पण त्या खुडूक कोंबडीला उठवू नकोस, टोचेल.”

मेकॅनिकने सगळ्या ब्रेकांत नवी रबरे घातली, तेल बदलले आणि तो सिलेंडर माझ्या मागच्या चाकात बसवला. तेव्हापासून मला कधी न पाहिलेली ठिकाणे आठवतात. एक फाटक. नदीकाठचे वळण. कुणाच्या तरी दाराशी हॉर्न न वाजवता वाट पाहणे. ब्रेकला रस्ते आठवत नाहीत, मित्रांनो, थांबे आठवतात.

उतारावर परीक्षा झाली. थोरला शेजारी बसून दोन्ही पाय खाली रोवत होता.

“दाब, दाब गं!”

“तू कशाला लाथा झाडतोयस? ब्रेक माझ्याकडे आहे!”

तिने दाबला. मी पिसासारखी थांबले.

थोरल्याने रोवलेले पाय सैल सोडले. मग म्हणाला, “हॉटेलवाल्याला फोन करतो.”

“काय सांगणार?”

“कुंड्या विकत घे म्हणून.”

मित्रांनो, मी सुटले, पण अंगणातली ती आता कधीच चालणार नाही. म्हणून तोंडावर सांगते. वस्तूवर माया असेल तर तिला काय लागते ते आधी विचारून घ्या. आणि जी चालणारच नाही तिला कवटाळून बसू नका. तिच्यात जे धड आहे ते चालणाऱ्या कुणाला तरी द्या. नुसते हळहळायचे असेल, तर लांबूनच हळहळा.