काळ्या लामाच्या पोटात

कार्निवलच्या दुपारी मी गाडी अशी हाणली, की आमच्या गावाच्या, चिलीतल्या तोकोनावच्या, वेशीवरच्या कोंबड्या उडाल्या. मांडीवर एका फोटोची गुंडाळी होती. मी पोहोचायच्या आत माझा थोरला भाऊ विल्फ्रेदो निघून गेला असता, तर सगळंच मुसळ केरात.

आमच्याकडे आभाळातल्या ताऱ्यांसारखंच त्यांच्या मधल्या काळोखालाही नाव असतं. तिथं एक भलीमोठी काळी लामा आहे, आमच्या लांब मानेच्या लोकरीच्या जनावरांसारखी. ताता, म्हणजे आमचे वडील, जन्मभर लामांचा कळप राखत आले. आभाळातली ती लामा गाभण आहे, असं ते आम्हाला लहानपणापासून सांगायचे. विल्फ्रेदो शिकला, समुद्राकडच्या डोंगरावर मोठ्या आरशाच्या दुर्बिणीवर लागला, आणि पहिल्याच सुट्टीत चारचौघांत म्हणाला, "ताता, आम्ही आरशातून पाहिलं. तिथं नुसता काळोख आहे."

त्या गोष्टीला बारा वर्षं झाली. कार्निवलला लामांच्या कानांत लोकरीचे गोंडे ओवतात, तेव्हा जनावर घरच्यांनीच धरायचं असतं. ताता तेव्हापासून त्याला धरू देत नाहीत. तो येतो, कुंपणाबाहेर उभा राहतो, जेवतो आणि जातो. ह्या वर्षी म्हणाला होता, आता पुन्हा येणार नाही.

मी पोहोचले तेव्हा त्याच्या हातात त्याच्या गाडीची किल्ली होती.

"आली तव्यांची मालकीण," तो म्हणाला. मी पठारावरच्या रेडिओ दुर्बिणीवर काम करते; तिथल्या पांढऱ्या अँटेनांना तो तवे म्हणतो.

"तुझा आरसा दिवसा झोपतो आणि तूही. माझे तवे भर उन्हात राबतात."

"आणि तुम्ही पाच हजार मीटरवर नाकात प्राणवायूच्या नळ्या खुपसून बसता."

"बसावंच लागतं. खालच्या हवेतली वाफ आम्हाला हव्या त्या रेडिओ लहरी पिऊन टाकते. तुला उजेड लागतो ना? काळी धूळ आडवी आली की तुझा कारभार आटोपला. पण धूळ कितीही गार असली, तरी तिच्यातून बारीक लहरी निघतातच. आमचे पन्नास तवे मिळून त्या टिपतात. आता बोलणं पुरे, हे बघ." मी कुंपणाच्या भिंतीवर फोटो पसरला. "लामाचं पोट."

विल्फ्रेदो वाकला. काळ्या जागेत नारिंगी ठिपके होते, प्रत्येकाभोवती कडं. मग कुंपण ओलांडून आत गेला आणि तातांसमोर उभा राहिला.

"ताता, माझं चुकलं. तिथं तारे आहेत. अजून जन्मायचे आहेत, धुळीतच वाढतायत."

तातांना मोतीबिंदूमुळे फारसं दिसत नाही. त्यांनी तोंडातली कोकाची पानं एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली.

"किती?"

"सात," मी म्हणाले.

"आमच्या लामांना एका खेपेला एकच होतं. ही भारीच निघाली." ते हसायला लागले. "तू मोज रे. मोजायला शिकवलं होतं ना तुला?"

विल्फ्रेदोने फोटो नाकाला लावला. मी आठवडाभर तो फोटो उशाशी घेऊन झोपले होते, पण त्याची नजर तयार होती.

"आठ. हे खालचं एक नाही, जुळं आहे."

आनंदानं मला रडूच फुटलं. तातांनी पिशवीतून सुई आणि तांबडे गोंडे काढले.

"धर," ते विल्फ्रेदोला म्हणाले.

त्याने फोटो दोन्ही हातांनी ताणून धरला. तातांचं बोट तो एकेका ठिपक्यावर नेऊन ठेवायचा, आणि ताता तिथून सुई आरपार काढायचे. आठवा गोंडा ओवताना ताता खेकसले, "हलू देऊ नकोस तिला."

"नाही हलत ती," विल्फ्रेदो म्हणाला. त्याने पकड आणखी घट्ट केली.

त्याच्या गाडीची किल्ली लेंड्यांत पडली होती. ती संध्याकाळपर्यंत कुणी उचलली नाही.