गिरजाला राग येत नाही

"ताई, गिरजा चिडूच शकत नाही," सुदर्शन म्हणाला आणि भिंतीवर चिकटवलेल्या हिरव्या कागदावर त्याने पेनाने टकटक केलं. "तिच्या स्वभावात ते नाहीच. म्हणून मिक्सरचा प्रवेश आपण काढतोय."

दीपमालाच्या हातात मिक्सरचं भांडं होतं. "आता नाटकात चटणीबी वाटाय लागले का?" असं नवऱ्याने, म्हणजे नानासाहेबांनी विचारूनही तिने ते तालमीसाठी घरून आणलं होतं. भांडं तसंच धरून ती उभी राहिली.

"काढताय म्हंजी?"

"म्हणजे नवरा सही करून घरी येतो. तुम्ही त्याच्या हातातला डबा घेता आणि आत जाता. बस. एक शब्द नाही. मौन जास्त बोलतं, ताई."

"मौन लई वर्षं बोललंय माझं," दीपमाला म्हणाली.

सगळे हसले. तिला वाटलं, विषय इथंच मिटेल. पण सुदर्शन हसला नाही. त्याने कागद सरळ केला.

शहराबाहेर, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या करमणूक हॉलमध्ये कॅरमचे बोर्ड भिंतीला टेकवून तालमीला जागा केली होती. भिंतीवर रंगीत कागद होते : नवरा पिवळा, मुलगा लाल, शेजारीण निळी आणि गिरजा हिरवी. गिरजाच्या कागदावर लिहिलं होतं, समंजस, देणारी, वाद टाळणारी, स्वतःच्या गरजा मागे ठेवणारी. लग्नाच्या जाहिरातीत सहज खपून गेला असता असा मजकूर.

कामगार नाट्यस्पर्धेचा एक रिवाज आहे. कारखान्यात पुरुष हवे तेवढे. बाई मात्र बहुधा बाहेरून आणावी लागते. मानधन द्यायचं, रिक्षा द्यायची, ताई म्हणायचं. या बाहेरून आणायच्या बायकांत दीपमाला शहराची 'आई' होती. दिवसभर गुलमंडीच्या बाजारातल्या मॅचिंग सेंटरमध्ये साडीला ब्लाउजपीस जुळवायचे आणि संध्याकाळी कुणाच्या तरी नाटकात जाऊन आई व्हायचं. पहिली आई केली तेव्हा तिचा स्वतःचा मुलगा अंगावर पीत होता आणि रंगमंचावरचा मुलगा तिच्यापेक्षा चांगला दहा वर्षांनी मोठा, मिशीवाला होता. नाटकवाल्यांचा हिशोब सरळ असतो. गोरी ती नायिका, सावळी ती आई. आणि सावळी असून वय कमी असेल तर केसांना पावडर लावायची. हे तिला कुणी तोंडावर सांगितलं नाही. पावडरचा डबा तेवढा पुढे केला.

या सगळ्या आया रडल्या. आशीर्वाद देऊन झाले, खोकून झालं. बऱ्याचशा दुसऱ्या अंकात गेल्या. रात्री पुंडलिकनगरच्या घराचं दार उघडताना नानासाहेब विचारायचे, "आज नुसती रडलीस का गेलीस?" नाटक मात्र त्यांनी एकही पाहिलं नव्हतं.

आणि मग गिरजा आली.

नाटक सुदर्शननेच लिहिलं होतं. पोरगा कारखान्याच्या एचआरमध्ये अधिकारी, पुण्यात शिकून आलेला, बोलायला गोड. नाटकातला नवरा बायकोला न विचारता नोकरी सोडायच्या कागदावर सही करून येतो. घरात पाहुणे बसलेले. गिरजा काही बोलत नाही. ती स्वयंपाकघरात जाते, रिकामा मिक्सर चालू करते आणि त्या आवाजाखाली दाराशी उभ्या नवऱ्याला सुनावते. पाहुण्यांना वाटतं, चटणी वाटते आहे. शेवटी नवरा पुढे होऊन मिक्सर बंद करतो, आणि गिरजा थांबत नाही. आवाजही खाली आणत नाही. पाहुण्यांसकट सगळी गल्ली ऐकते.

दीपमालाने हे पान दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना वाचलं होतं. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, मोरपंखी दाखवा ना." तिने राणी कलर दाखवला. संध्याकाळी सुदर्शनला फोन केला, "करते." मानधन विचारायचंही ती विसरली.

यानंतर सुदर्शनने कुठलीशी ऑनलाइन कार्यशाळा केली. पात्रं खरी वाटायला हवी असतील तर त्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घ्यायची, असं तिथं शिकवलं होतं. त्याला हे नवीन नव्हतं. कारखान्याने मागच्या वर्षी कामगारांकडून अशीच प्रश्नावली भरून घेतली होती आणि कुणाला कुठे बसवायचं ते ठरवलं होतं. आता पात्रांची पाळी. त्याने प्रत्येक नटाला मोबाइलवर लिंक पाठवली. आपण आपलं पात्र आहोत असं समजून उत्तरं द्यायची. उत्तरांवरून पात्राला रंग मिळायचा : तापट तो लाल, सोसणारा तो हिरवा.

दीपमालाने ती दुपारी डबा खाताना भरली. तुम्ही लवकर चिडता का? दुसऱ्यांच्या आनंदासाठी स्वतःची इच्छा बाजूला ठेवता का? वाद झाला तर आधी तुम्ही माघार घेता का? प्रश्न वाचता वाचता तिचा पदर नकळत डोक्यावर गेला. हे प्रश्न तिला ओळखीचे होते. तिला बघायला आले होते तेव्हा मुलाच्या मामांनी पोह्याची बशी खाली ठेवून विचारलं होतं, "राग-बिग येतो का मुलीला?" दाराआड तिची आई, भागूबाई, उभी होती. दीपमाला म्हणाली होती, "नाय." मामा म्हणाले होते, "छान." तेवढ्यावर लग्न जमलं होतं. असल्या प्रश्नाला असलंच उत्तर द्यायचं असतं, हे बाईच्या बोटांनाही माहीत असतं. बोट आपोआप योग्य जागी जात राहिलं. डबा संपला, चाचणी संपली, आणि गिरजा हिरवी निघाली.

"सर, मी परत भरते," दीपमाला आता म्हणाली.

"असं चालत नाही, ताई. आपल्याला हवी तशी उत्तरं दिली तर चाचणीला अर्थ काय?"

"पहिल्यांदाबी हवी तशीच दिली. फक्त मला हवी तशी नाय, त्यांना हवी तशी."

"त्यांना म्हणजे कुणाला?"

"बघायला आलेल्यांना."

सुदर्शनला कळलं नाही. प्रेरणाला कळलं. ती ऑफिसात ट्रेनी होती, नाटकात शेजारीण करत होती, आणि तिचा बघण्याचा कार्यक्रम गेल्याच रविवारी झाला होता. तिने मान खाली घातली.

"ताई, हे तुम्ही मनावर घेऊ नका. परीक्षक सुसंगती बघतात. पहिल्या अंकात गिरजा सगळं सोसते आणि दुसऱ्या अंकात अचानक ओरडते, ते खोटं वाटतं. शास्त्र आहे याच्यामागं."

"एक इचारू?" दीपमालाने भांडं टेबलावर ठेवलं. "रिकामा मिक्सर चालू करून बोलणारी बाई तुम्ही कुठं बघितली?"

"कुठं म्हणजे? सुचलं."

"असलं सुचत नसतं, सर. ऐकू येतं. दाराआडून."

सुदर्शनचे कान लाल झाले. त्याने मोबाइल काढला आणि नुसताच वर-खाली सरकवला. मुलगा हुशार होता. खोटं बोलायची सवय नव्हती, ही त्याची अडचण होती.

"ती बाई कोण व्हती मी इचारत नाय," दीपमाला म्हणाली. "पण तिच्याकडून भरून घ्या की हे प्रश्न. ती पण हिरवीच निघंल. हिरवी हाये म्हणून तर मिक्सर लागतो तिला! लाल असती तर अंगणात उभं राहून बोलली असती."

"ताई, आवाज..."

"आवाजाचं काय? आवाजासाठीच आणलंय ना मला? तुमच्याआधी किती आले, सगळे म्हणाले, ताई, आवाज लई दमदार, आणि हातात काय दिलं? खोकला! मरतानाची वाक्यं! एकानं तर पडदा उघडायच्या आधीच फोटोत घातलं, हार घालून. एवढ्या वर्षांत एक बाई लिहिली कुणीतरी, जिला राग येतो. ती बी तुम्हीच लिहिली. अन् आता तुम्हीच तिला गोळी देऊन निजवताय!"

मुलाचं काम करणारा सोमनाथ पाणी पिताना तसाच थांबला. दीपमालाला स्वतःलाच नवल वाटलं, की रडू येत नव्हतं.

सुदर्शनने तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान आलं.

"बघा, ताई, हेच मी म्हणतोय. हा राग तुमचा आहे. गिरजाचा नाही. तुम्ही स्वतःला पात्रात मिसळताय."

"मग कुणाचा आणू?" दीपमाला म्हणाली. "भाड्यानं मिळतो का गुलमंडीत?"

सुदर्शन पुन्हा हिरव्या कागदाकडे वळला.

नवऱ्याचं काम करणारा निजामुद्दीन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. कारखान्यातला जुना फिटर. पण हात ग्रीसने नव्हे, पेनाच्या शाईने माखलेले. कारण मागच्या वर्षीच्या चाचणीनंतर त्याला मशीनवरून उचलून गेटवर पास लिहायला बसवलं होतं. नवे बदल तुम्हाला लगेच आवडतात का, असं विचारलं होतं. त्याने नाही म्हणून सांगितलं होतं. तो सावकाश उठला.

"साहेब, एक बात बोलू का? मैं सच लिख्या, तो मेरेकू गेट पे बिठाये. ताई झूट लिखे, तो उनका सीन गया. अब आदमी लिखना क्या? वो एक बार बता देव, सब वहीच लिखेंगे."

"निजामभाई, तो विषय इथं नको."

"विषय एकच हाये, साहेब," निजामुद्दीन म्हणाला आणि परत बसला. त्याची निवृत्ती जवळ आली होती आणि घरात लग्नाची मुलगी होती, कहकशा. यापुढे बोलणं त्याला परवडणारं नव्हतं. हॉलमधल्या प्रत्येकाला आपापलं असं काहीतरी परवडणारं नव्हतं. एकटी दीपमाला बाहेरची होती. तिचं जाणार होतं ते एवढंच, एक प्रवेश.

"डबा घेऊन आत जायला माझी गरज नाय," ती म्हणाली. "त्याला कुणीबी चालतं. दुसरी बाई बघा."

"ताई, तारीख जवळ आलीय. असं करू नका. मी आईसारखं मानतो तुम्हाला."

ते ऐकून ती दारात थांबली. मग वळून न बघता म्हणाली, "म्हणूनच."

कंपनीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली तेव्हा तिचा जबडा दुखत होता. इतका वेळ दात आवळलेले होते हे तिला तेव्हा कळलं. घरी नानासाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "गेले. पण माझ्या पायानं." आणि त्या रात्री तिने भाजीत मीठ घातलं नाही. नानासाहेबांनी मुकाट्याने वरून घेतलं.

यानंतर तिला इतर नाटकवाल्यांचे फोन आले. या मोसमात आया नेहमीच कमी पडतात. दीपमाला प्रत्येकाला तेच म्हणाली, "आई करायची नाय आता. दुसरं काही असंल तर सांगा." दुसरं काही कुणाकडे नव्हतं. एक दिग्दर्शक जरा विचार करून म्हणाला, "आजी आहे, करता का?" तिने फोन ठेवला. काही दिवसांनी फोन यायचे थांबले. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर करायचं काय, हा प्रश्न तिच्यासमोर इतक्या वर्षांत पहिल्यांदा आला. ती मटार सोलायची. टीव्ही बघायची. नाटकवाल्यांना वाटलं, बाईला गर्व झाला.

स्पर्धेच्या दिवशी प्रेरणा दुकानात येऊन दोन पास ठेवून गेली. "ताई, सरांनी मलाच करायला लावलं. नाही म्हणता आलं नाही." तिच्या कानशिलांवर रंगीत तालमीची पावडर अजून चिकटलेली होती. दीपमालाने आपल्या पदराने ती पुसली. "नीट कर," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. राग तेवढा होता, आणि तो पोरीवर नव्हता.

जायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण पास बघून नानासाहेबच शर्ट घालून तयार झाले. "तू नाटकात नाहीस, म्हंजी कुणी मरणार नाय. चल, बघू तरी."

नाट्यगृह निम्मं भरलं होतं. कारखान्याचे लोक शिट्ट्या मारत होते. पहिला अंक बरा झाला. दुसऱ्या अंकात पाहुणे बसले, निजामुद्दीन सही करून घरी आला, प्रेरणा पुढे झाली, तिने त्याच्या हातातला डबा घेतला आणि वाकलेल्या पाठीने आत निघून गेली. पोरीने काम चांगलं केलं. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत एका परीक्षकाने मान डोलावून काहीतरी लिहून घेतलं.

आता निजामुद्दीनने पाहुण्यांकडे वळून म्हणायचं होतं, "बसा, चहा येतोय." तो वळला नाही. प्रेरणा गेली त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून तो उभा राहिला. पाहुणे झालेल्या नटांनी एकमेकांकडे पाहिलं. विंगेतून कुणीतरी त्याचं वाक्य हळूच सांगितलं. मग जरा मोठ्याने सांगितलं. प्रेक्षकांतून एक शिट्टी आली. निजामुद्दीन हलला नाही. त्याची मान हळूहळू खाली गेली, मग चेहरा एकदा असा वर झाला की जणू काही वर्मी लागलं, आणि पुन्हा खाली गेला.

"वाक्य इसरला वाटतं म्हातारा," नानासाहेब तिच्या कानाशी म्हणाले. "बोलत का नाय हा?"

"थांबा," दीपमाला म्हणाली. "तिचं बोलून व्हायचंय अजून."

नानासाहेबांनी दाराकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. रंगमंचावर निजामुद्दीन तसाच उभा होता, शाईचे हात बाजूला सोडून, सगळं ऐकून घेत.