घंटेनंतरच्या तीस फ्रेम

कामाच्या दिवशी फर्मवेअर अपडेट करायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. कॅमेरा नीट चालतोय ना, मग त्याच्या डोक्यात हात घालू नये. हा नियम मी दहा जणांना शिव्या देऊन शिकवलाय. आणि त्या दिवशी दुपारी, सामन्याला पाऊण तास असताना, खेळाडूंच्या खोलीत बाकावर बसून मीच तो मोडला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

निमित्त झालं चष्मिसचं. चष्मिस म्हणजे दुसऱ्या पेपरचा फोटोग्राफर. गेली बारा वर्षं बॉक्सिंगच्या रिंगला टेकून माझ्या शेजारी बसतो आणि मला छळतो.

"नवं फर्मवेअर टाकलंस का?" त्याने विचारलं. "आता बटण दाबायच्या आधीचा एक सेकंदसुद्धा कॅमेरा ठेवून देतो. कंपनीला तुझ्यासारख्या उशिरा दाबणाऱ्यांची दया आली म्हणायची."

म्हणजे असं, की बटण अर्धं दाबून धरलं की कॅमेरा आतल्या आत फोटो घेत राहतो, सेकंदाला तीस. पूर्ण दाबलं की मागचे तीसही कार्डावर उतरवतो. चुकलेली वेळ परत मिळते. मला ते हवंच होतं, कारण मी उशिरा दाबते हे खरं आहे. माझ्या फोटोत ठोसा नेहमी बसून गेलेला असतो.

माझा धाकटा भाऊ बॉक्सर आहे. दोन वर्षांचा असताना त्याने डॉक्टरांच्या नाकावर बुक्की हाणली, तेव्हापासून त्याचं नावच बुक्की पडलं. तो म्हणायचा, "ताई, तुझ्या फोटोत मी कायम मारून दमलेला दिसतो." मग आम्ही दोघांनी एक युक्ती काढली. बुक्की समोरच्याला रेटत रेटत माझ्या कोपऱ्यात आणायचा. माझा कॅमेरा तयार झाला की मी डावा अंगठा वर करायचे, आणि मग तो मारायचा. पाच वर्षं आमचं हे चाललं होतं. त्यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट अभिमानच वाटायचा.

अपडेट झालं आणि माझ्या सगळ्या सेटिंग्ज पुसल्या गेल्या. आठवतील तशा परत लावल्या. ते नवं एक सेकंदाचं प्रकरण मेनूत कुठे दडलंय ते काही सापडेना. ते बंदच असणार असं धरून मी रिंगकडे पळाले.

त्या दिवशी जो जिंकेल तो राष्ट्रीय संघात जाणार होता. समोर होता रंगारी. इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवायचा, दोरीवर लटकून. उंच, शांत, नखांच्या कडेला पांढरा रंग कायमचा बसलेला. ग्लोव्ह्ज चढवण्याआधी त्याने माझ्याकडे बघून मान हलवली होती, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

पहिल्या फेरीत त्याने बुक्कीला धुतलं. दुसरा शब्द नाही. लांब हातांचे ठोसे दोन्ही कानांवर, मग बरगडीत एक असा, की बुक्कीच्या तोंडून कुत्र्यासारखा आवाज निघाला. दुसऱ्या फेरीत बुक्कीची भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं, तो ते मनगटाने पुसायचा आणि पुन्हा आत घुसायचा. रक्ताचे थेंब माझ्या भिंगावर उडाले. मी शर्टाच्या टोकाने ते पुसले आणि फोटो काढत राहिले. लोक किंचाळत होते. मीही किंचाळत होते, "फोड त्याला, बुक्की! फोड!" हे मी लपवणार नाही. माझ्या नाकावर राग असतोच, आणि त्या दिवशी समोर माझ्या भावाचं रक्त होतं.

तिसऱ्या म्हणजे शेवटच्या फेरीत वारं फिरलं. बुक्कीने खाली वाकून रंगाऱ्याच्या पोटावर नेम धरला. एक, दोन, तीन, चार ठोसे, सगळे एकाच जागी. रंगाऱ्याचे गुडघे सैल पडले. बुक्की त्याला ढकलत माझ्या कोपऱ्यात आणू लागला आणि नेमका तेव्हाच माझा कॅमेरा गोठला. स्क्रीनवर पाटी आली, 'बॅटरीची माहिती जुळत नाही. पुढे जायचे आहे का?' जा ना रे मेल्या, जा! बटणाला जुमानेना. मी खाली मान घालून बॅटरी उपसली, परत ठोकून बसवली. किती वेळ गेला मला माहीत नाही. वर हॉलचं छप्पर उडेल असा गोंगाट चालला होता.

कॅमेरा जागा झाला. मी डोळा लावला. समोर बुक्की, दोन्ही हात खाली सोडलेले. ही त्याची जुनी खोड आहे. हात खाली सोडायचे, मान किंचित डावीकडे झुकवायची, समोरच्याला वाटतं संपलं, आणि मग उजवा हात तोफेसारखा सुटतो. मी बटण अर्धं दाबलं आणि डावा अंगठा वर केला.

त्याने मारलं. मी दाबलं. नेहमीसारखं उशिरा.

रंगारी सरळ मागे गेला. डोकं आधी दोरावर, मग रिंगच्या कडेच्या लोखंडी पट्टीवर. तो आवाज मी अजून ऐकते. नारळ फोडल्यासारखा वगैरे म्हणतात, तसा नव्हता. लहान आवाज होता, कप ठेवल्याएवढा. मग त्याच्या कानातून रक्त आलं.

पुढची दहा मिनिटं रणकंदन होतं. रंगाऱ्याचा थोरला भाऊ रिंगमध्ये चढला आणि बसायचं स्टूल त्याने आमच्या कोचच्या तोंडावर घातलं. दोन दात माझ्या डोळ्यांदेखत खाली पडले. खुर्च्या उडाल्या. "घंटा झाली होती! हरामखोरा, घंटा झाली होती!" तो ओरडत होता. कुणीतरी मागून माझे केस धरले, मी न बघता भिंगाचं तोंड त्याच्या कपाळावर हाणलं. चष्मिस खाली बसून त्याचा चष्मा शोधत होता. बुक्की मध्यभागी उभा होता, हात खाली, आणि माझ्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी माझा फोटो पहिल्या पानावर आला. जबडा वाकडा झालेला, घामाचे थेंब हवेत. संपादकांनी फोन करून पाठ थोपटली. रिंगच्या चारही खांबांवर दिवे असतात, घंटा झाली की ते लाल होतात. त्या फोटोत मधे पंच आलेला, त्यामुळे दिवा दिसत नव्हता. पंच म्हणाले, घंटा आणि ठोसा एकदमच. प्रेक्षकांच्या मोबाईलमध्ये सगळीकडून पंचांची पाठच आली होती. रंगारी शुद्धीवर नव्हता. चौकशी समिती नेमली गेली. ठोसा घंटेनंतरचा ठरला तर बुक्की जन्मभर बाद, वर पोलीस केस. आधी निघालेला ठरला तर राष्ट्रीय संघ. मधलं काही नव्हतं.

त्या रात्री मी कॅमेऱ्यातून थेट तेवढा एकच फोटो धाडला होता; तिसऱ्या दिवशी सकाळी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. शेवटच्या फोटोआधी तीस फोटो जास्तीचे होते. मी न काढलेले. नव्या फर्मवेअरने ती सोय मला न विचारता चालू करून ठेवली होती.

मी एकेक बघितला. पहिल्या फ्रेममध्ये मागच्या खांबावर दिवा लाल आहे. वाटाण्याएवढा, पण लाल. बुक्कीचे हात खाली आहेत, आणि ही त्याची खोड नाही. तो अर्धा वळलाय, स्वतःच्या कोपऱ्याकडे निघालाय. रंगारीही सैल झालाय, जिभेने तोंडातलं दातांचं रबर बाहेर ढकलतोय. सामना संपल्यावर सगळेच करतात तसं. सातव्या फ्रेममध्ये बुक्कीची मान वळते. नवव्यात तो सरळ भिंगात बघतोय. माझ्याकडे. माझ्या अंगठ्याकडे. बाराव्यात त्याची मान डावीकडे झुकते, खांदा खाली जातो. चोविसाव्यात ते रबर रंगाऱ्याच्या ओठांवर आहे आणि ठोसा बसलाय.

मी कॉम्प्युटर तसाच चालू ठेवला. मग बुक्कीला बोलावलं.

तो आला, भुवईला टाके, खुशीत. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि फ्रेम दाखवल्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

"पुसून टाक," तो म्हणाला.

"तुला घंटा ऐकू आली होती?"

"आली होती."

"दिवा दिसत होता?"

"दिसत होता. पण तू अंगठा दाखवलास, ताई."

"मला घंटा ऐकू आली नव्हती रे! मी बॅटरी..."

"मला काय माहीत तुझी बॅटरी! तू अंगठा दाखवलास म्हणजे मारायचं. पाच वर्षं मी तेच करतोय. डोक्याने नाही करत मी ते, हाताने करतो." त्याचा आवाज फुटला. "पुसून टाक. तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला कळणार आहे?"

"रंगाऱ्याला कळलंय."

"रंगारी शुद्धीवर नाहीये!"

हे तो इतक्या आशेने म्हणाला, की माझं डोकं फिरलं. मी कोपऱ्यातला ट्रायपॉड उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. पहिला हात माझाच, हे मी कबूल करते. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा त्याने तो माझ्या हातातून हिसकला आणि भिंतीवर फेकला. मग टेबलावरचा कॅमेरा जमिनीवर आपटला. काचा सगळीकडे. मी कार्ड काढून मुठीत धरलं होतं. त्याने माझं मनगट पिरगाळलं, मी त्याच्या हाताला चावले, दात रुतेपर्यंत चावले. त्याने उलट्या हाताने माझ्या तोंडावर मारली. मी लोखंडी कपाटावर जाऊन आदळले. तोंडात रक्ताची चव आली. लहानपणी आम्ही असेच मारामाऱ्या करायचो. फक्त तेव्हा तो अंगाने माझ्यापेक्षा लहान होता.

"कार्ड दे, ताई."

"नाही."

तो थांबला. दोन्ही हात खाली सोडले. मला वाटलं, संपलं. भाऊच आहे शेवटी.

मग त्याची मान किंचित डावीकडे झुकली.

ती मान मी आयुष्यभर उशिरा बघितली होती. त्या सकाळी ती मी एकेक फ्रेम करून बघून बसले होते. मी खाली बसले. डोक्यावरून वारा गेला आणि मागे लोखंडी कपाटाच्या दारात त्याची मूठ मनगटापर्यंत रुतली. हाडं मोडल्याचा आवाज मी कपाटातून ऐकला. पाठीतून ऐकला म्हणा.

त्याने हात बाहेर काढला तेव्हा बोटं नको तिकडे वळली होती. तो माझ्या शेजारी खाली बसला, काचांमध्ये. हाताकडे बघत राहिला. चेहरा पांढराफटक.

"ताई," तो म्हणाला, "आईला सांगू नकोस."

सव्वीस वर्षांचा घोडा. मी हसले, आणि हसताना मला रडू फुटलं. पट्टी म्हणून मी भिंग पुसायचं मऊ फडकं त्याच्या हाताला गुंडाळलं. रिक्षात तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसला होता. हा आत्ताच मला ठोसा मारायला निघाला होता, आणि हा माझाच आहे, दोन्ही खरं होतं. मी त्याला दूर लोटलं नाही.

हॉस्पिटल रंगारी होता तेच होतं, दुसरं जवळ नव्हतं. प्लास्टर घालेपर्यंत मी वरच्या मजल्यावर गेले. काचेपलीकडे रंगारी झोपलेला, नळ्यांमध्ये. हात चादरीबाहेर होते. त्याच्या बायकोने नखांतला रंग काढायला घेतला होता, रॉकेलचा बोळा घेऊन, एकेक नख. निघेना तरी घासत होती. मग ती दाराशी आली, तिने माझ्या सुजलेल्या ओठाकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्हालापण कुणी मारलं?" मी जिना उतरून खाली आले.

दोन दिवसांनी समिती बसली. लांब टेबल, तीन माणसं, मधे म्हातारे निवृत्त पंच. बुक्की प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसला होता, शेजारी तोंडाला टाके घातलेला कोच. भिंतीला टेकून रंगाऱ्याचा भाऊ उभा. बुक्कीने आधी सांगून टाकलं होतं की ठोसा घंटेआधी निघाला होता. मी आत गेले, कार्ड लावलं आणि पडद्यावर एकेक फ्रेम दाखवत गेले. नव्या फर्मवेअरचं काय ते समजावलं. लाल दिव्यावर बोट ठेवलं. रंगाऱ्याच्या भावाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

नवव्या फ्रेमवर म्हातारे पंच पुढे झुकले. "थांबा. हा परत निघाला होता. मग वळला का? हा बघतोय कुणाकडे?"

मी तोंड उघडलं, त्याआधीच बुक्की बोलला. "कुणाकडे नाही, सर. असंच. माझी चूक आहे. माझ्या एकट्याची."

त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. त्या एका क्षणी मी गप्प बसले असते तर सगळं त्याच्या एकट्यावर गेलं असतं. त्याला तेच हवं होतं. लहानपणी फुलदाणी मी फोडायचे आणि आईचा मार तो खायचा, तेव्हाही असाच बसायचा, खाली बघत.

"बाई," म्हातारे पंच माझ्याकडे वळले, "तुम्ही तिथेच बसला होतात. तो कुणाकडे बघतोय?"

मी डावा हात पुढे केला आणि अंगठा वर धरला.

बुक्कीने सवयीने मान वर केली.